इश्यू : निल

प्रिय जुई,

तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कुरिअरवाला तरी तुझी सही घेतल्याशिवाय हलणार नाही. मी रागावलेलो नाही. आधी घाबरलो होतो, पण काल कारण कळलं आणि बाप पुन्हा ताठ झालाय.

आपल्याला इंग्रजी येतं, या समजुतीनेच माझा घात केला असं तुझी आई म्हणते. खरंय. गिरगावच्या वाचनालयात चौतीस वर्षं काउंटरवर बसलो. तिथे इश्यू म्हणजे वाचकाच्या नावावर बाहेर गेलेलं पुस्तक. तुमच्या ऑफिसात रोज सकाळी नवा इश्यू निघतो, आणि आपला प्लंबर गळक्या नळालाही इश्यूच म्हणतो. मला वाटलं, संपला शब्द.

मग चाळीच्या पुनर्विकासाचा फॉर्म आला. पत्नीचं नाव लिहिलं. खाली रकाना, ‘इश्यू, इफ एनी’. म्हटलं, शेजाऱ्यांशी भांडण नाही, वाचनालयाचं एकही पुस्तक अंगावर नाही, आपला कसला आलाय इश्यू? ठसठशीत अक्षरात ‘निल’ लिहिलं आणि स्कॅन करायला तुझ्याच हातात दिला. तू वाचलास, स्कॅन केलास आणि चहा न घेता निघून गेलीस.

मला वाटलं, तुझं नवऱ्याशी काही बिनसलं असेल. काल सोसायटीच्या वकिलाने, पुष्करने, फोन करून विचारलं, “काका, तुम्हाला मूलबाळ नाही?” कायद्यात इश्यू म्हणजे अपत्य, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या कुणाची मुलगी हसली असती. तुला हसता आलं नाही, कारण दीड वर्षाची असताना तुला आम्ही अनाथाश्रमातून घरी आणलं, आणि बापाने शेवटी मनातलं लिहून टाकलं असंच तुला वाटलं असणार.

अगं वेडे, तू माझी मुलगी आहेस. हे मी कुठल्याही रकान्यात लिहून देईन, फक्त रकाना कळायला हवा.

सोमवारी सकाळी अकराला भोईवाडा कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करतोय. पुष्करने मसुदा इंग्रजीत आणला होता, मी हट्टाने मराठीत करून घेतला : ‘मला एक मुलगी आहे. तिचं नाव जुई.’ तू आली नाहीस तरी सही होणारच. पण चूक तू डोळ्यांनी पाहिलीस, तेव्हा दुरुस्तीही तुझ्या डोळ्यांसमोरच व्हायला हवी. ये.

तुझाच, आणि फक्त तुझाच,
बाबा