लाँचच्या कठड्यातली झिणझिणी

१४ मार्च १९७८, मंगळवार

आज धरणावर लाँचचे दिवे तपासायला गेलो होतो. लाँच धक्क्याला बांधलेली असली की काठावरच्या खोलीतून तिला वीज जाते. ती केबल महिन्यापूर्वी मीच टाकलेली.

लाँच चालवणारे किसनमामा उजव्या हाताने लोखंडी कठडा धरून चढले आणि त्यांनी एकदम हात झटकला. विचारलं तर हळूच म्हणाले, "लय दिस झाले, उजवा हात झिणझिणतो. मामीला सांगू नको. माझ्या बापाचा लकवा असाच सुरू झाला व्हता."

मामी शेतावर गेली की ते डाव्या हाताने जेवायची सवय करतात, म्हणे.

मी कठड्याला टेस्टर लावला. पेटला. कठड्यात करंट उतरला होता. आधी काठावरचा स्विच बंद केला, मगच केबल काढली. स्टोअरमध्ये तीन तारांची नव्हती म्हणून दोन तारांची टाकली होती. गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तिसरी तार नंतर जोडू म्हटलं. नंतर म्हणजे कधी? एका तारेचा आळस. आता ती जोडेपर्यंत लाँचला वीज नाही, हे उद्या साहेबांना सांगणार.

मामांना मात्र तिथेच सांगून टाकलं. "झिणझिणी कठड्यातल्या करंटची होती. चूक माझी आहे, मामा. कठडा ओल्या हाताने धरला असता तर..."

"म्हंजे मला लकवा नाय?"

"नाही, मामा."

मी माफी मागत होतो आणि ते धक्क्याच्या पायरीवर बसून उजवी मूठ उघडत होते, मिटत होते, आणि हसत होते.