न दिलेली साक्ष

९ मार्च, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवून घेतलं. साईनाथ येरवड्यातून सुटला म्हणे. ते तिथे कैद्यांच्या प्रार्थनेला जातात, तिथलीच ओळख. "श्यामलाबाई, ईस्टरला तो चर्चच्या मंडळीत येईल. तुम्ही सगळ्यांसमोर त्याला क्षमा केल्याची साक्ष द्या. प्रभूचं केवढं मोठं काम होईल!"
साईनाथ — ज्याच्या टेम्पोखाली मांजरीच्या फाट्यावर माझा तेजस गेला.
म्हटलं, प्रार्थना करून सांगते. घरी येऊन कुकर लावला. पाणी घालायचंच विसरले.

१२ मार्च, बुधवार
प्रार्थनेला बसले. काही नाही. नुसती गुडघ्यांना रग.

१६ मार्च, रविवार
महिला मंडळात सगळ्यांना कळलंय. एक जण म्हणाली, क्षमा ही आज्ञा आहे, त्यात वाट कसली बघायची? बरोबर आहे तिचं. तिचे दोन्ही मुलगे घरी आहेत.
मला क्षमा करायची नाही असं नाही. करायची आहे. पण आतून काही हललेलंच नाही. देवाच्या घरात उभं राहून, जे झालं नाही ते झालं म्हणून सांगू?

५ एप्रिल, शनिवार
दहावीचे भूगोलाचे पेपर तपासत होते. मधेच उठून आरशासमोर म्हणून पाहिलं — मी साईनाथला क्षमा केली आहे. तोंडी परीक्षेला पाठ करून आलेल्या मुलीसारखा आवाज.
ऋतुजा दारात उभी होती. ऐकून न ऐकल्यासारखं करणं माझ्या मुलीला जमत नाही.
"आई, तुला क्षमा करायचीय, की त्यांना प्रोग्रॅम करायचाय?"
"आज्ञा आहे गं."
"आहे ना. पण डेडलाइन कुठे दिलीय?"
हसू आलं. मग रडूही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
नाही म्हणून सांगितलं. "प्रभूनं मला अजून ऊठ म्हटलेलं नाही. म्हणेल तेव्हा मी थांबणार नाही."
पाळकसाहेब म्हणाले, "कधीकधी प्रभूच आपल्यासाठी थांबलेला असतो, श्यामलाबाई."
हे लागलं. दिवसभर तेच डोक्यात. मी त्याची वाट बघतेय की नुसती घाबरतेय? खरंच सांगता येत नाही.

२० एप्रिल, ईस्टर
पहाटेची उपासना. साईनाथ आलाच नाही. साक्ष दुसऱ्या कुणीतरी दिली, नोकरी लागल्याची. मला कुणी काही बोललं नाही. सलामसुद्धा जरा लांबूनच.

३ मे, शनिवार
तो घरी आला!
मी दाराची साखळी न काढताच बघितलं. त्यानं नाव सांगितलं तेव्हा कळलं. वर्तमानपत्रातल्या फोटोपेक्षा निम्मा झालाय.
"बाई, मला चर्चात यायचंच नव्हतं. चार लोकांम्होरं माफी घ्यायची... पाळकांना नाही म्हणवंना, म्हणून त्या दिवशी आलोच नाय. मला तुमच्याशी बोलायचं हाय. त्या दिवसाचं."
म्हणजे त्यालाही ढकलतच होते.
मी म्हटलं, "आज नाही."
"मग कधी?"
"माहीत नाही. सांगेन मी."
"सांगा. मी थांबतो, बाई."
फोन नंबर देऊन जिना उतरला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

२५ मे, रविवार
त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. पहिल्यांदाच. नाव घशात अडकलं, पण घेतलं.

८ जून, रविवार
आज अडकलं नाही.

१७ जून, मंगळवार
शाळा सुरू झाली. तिसऱ्या तासाला फळ्यावर नद्या काढत होते आणि एकदम कळलं — आज. आवाज नाही, बायबलमधलं वचन आठवलं नाही, काही नाही. नुसतं आत शांत. तेजस गेल्यापासून इतकं शांत कधी नव्हतं.
तास संपल्यावर स्टाफरूममधून फोन केला. "आज येता?"
"मांजरीत हाय, बाई. निघालोच."
मी घरी पोचते तर हा जिन्यात बसलेला. चहा केला. ऋतुजाही येऊन बसली. त्यानं सगळं सांगितलं. मधे मी त्याला एकदाही थांबवलं नाही.
आत्ता लिहवत नाही.

१८ जून, बुधवार
माझा तेजस रस्त्यावर एकटा गेला, हेच मी धरून बसले होते. कोर्टाच्या एकाही तारखेला गेले नाही. ऐकायचंच नव्हतं.
साईनाथ पळाला नव्हता. तेजसचं डोकं मांडीवर घेऊन तो रस्त्यात बसून होता. आणि माझं पोर त्यालाच विचारत होतं — "दादा, तुम्हाला नाही ना लागलं?"