साउथ एंडच्या घरातला उजेड

३ मे १९७०

जुने शेजारी इब्राहीमचाचा मासे घेऊन आले. त्यांना अजून साउथ एंडमधून हलवलेलं नाही — पुढच्या महिन्यात. चहा घेता घेता म्हणाले, तुमच्या बंद घरात संध्याकाळी दिव्याचा उजेड दिसतो. कुणीतरी चालतं.

आईनं लगेच ठरवलं — बाबा! त्याच घरात वारले ना ते. "त्यांना इथला पत्ता कोण सांगणार?"

हसावं की रडावं. सरकारनं आमची वस्ती गोऱ्यांची ठरवली, आम्हाला ट्रकमध्ये भरून इथे गेल्व्हनडेलला आणून टाकलं. मेलेल्यांनी कुठे जायचं ते काही सांगितलं नाही.

४ मे

आई जेवली नाही. "जाऊन बघून ये, ऊना."

९ मे

कारखान्यातून परस्पर गेले. अर्धी गल्ली पाडलेली. समुद्राचा वारा सरळ घरात शिरत होता. दार ढकललं — स्वयंपाकघरात मेणबत्ती. फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसलेली, हातमोजे घातलेली गोरी बाई.

डेल्फीन!

माझी थोरली बहीण. वंशाच्या सरकारी कार्डावर ती उजळ म्हणून गोरी ठरली, आम्ही मिश्रवंशाचे. गोऱ्याशी लग्न केलं, मग रस्त्यात ओळखही देईना. बाबांच्या मातीलासुद्धा आली नाही.

"ह्यांना वाटतं मी चर्चमध्ये आहे," म्हणाली.

तिला मारावंसं वाटत होतं. आत्ता बरी घराची आठवण झाली, म्हटलं.

"तुम्ही इथे होतात तोवर येता येत नव्हतं गं. कुणी पाहिलं असतं तर? आता येता येतं."

मी शेजारी बसले. दोघी बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिलो. वारा आला की ते हलायचं. मी म्हटलं, आईकडे चल. तर म्हणे, तुमच्या गल्लीत गोरी बाई शिरली की सगळे बघतील. निघताना तिनं माझा हात धरला — हातमोजा काढून.

१० मे

आईला सांगितलं, कुणी नव्हतं. वाऱ्यानं दार आपटतं.

ती माझ्याकडे बघत राहिली.

२१ मे

घर पाडलं. चाचा सांगून गेले.

डेल्फीनचं नाव आईसमोर मी चुकूनही काढलेलं नाही. संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"डेल्फी बारीक झालीय का गं?"