व्हिएन्नाच्या घोड्यांसमोर दोन जागा

गुरुजी,

तुम्ही मला वर्गात 'आगाऊ' म्हणायचात, आणि आज मी त्याच आगाऊपणाचा पगार घेतो, हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं. फोर्टात एका प्रवासी कंपनीत माझं टेबल आहे. विलायतेला जाणाऱ्या लोकांसाठी तिथल्या बघण्यासारख्या ठिकाणच्या जागा आधीच राखून ठेवायच्या, एवढंच काम. लंडनचं नाटक, स्वित्झर्लंडात डोंगर चढणारी आगगाडी, कुठला राजवाडा. सगळीकडे गर्दी, सगळीकडे कित्येक महिने आधी पत्र टाकावं लागतं. परवा माहीमचे एक वकील आले. "तिथे जाऊन रांगेत उभे राहू की हो, आपल्याला काय रांगेची सवय नाही?" मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला सवय आहे, तुमच्या परतीच्या बोटीला नाही." मग मुकाट्याने जागा राखल्या. खाली रस्त्यावरून मोर्चा चालला होता, 'मुंबईसह झालाच पाहिजे'च्या घोषणा वरपर्यंत येत होत्या. खिडकीतून बघत वकील म्हणाले, "आम्ही परत येऊ तेव्हा मुंबई कुठल्या राज्यात असेल, तेही लिहून द्या." त्याचं आगाऊ बुकिंग अजून कुणी उघडलेलं नाही, असं मी सांगितलं. ते हसले. अशा बोलण्यावर पूर्वी मीही हसायचो. हल्ली नुसता बोलतो.

ठाकुरद्वारची तुमची माडीवरची खोली आठवते. तुम्ही भविष्यकाळ शिकवताय. संस्कृतात भविष्य दोन तऱ्हेचं, तुम्ही सांगता. एक सरसकट, आणि दुसरं आजचा दिवस सोडून पुढचं. त्या दुसऱ्याचं नाव लुट्. (आमचे दर ऐकून गिऱ्हाइकं 'लूट' म्हणतात, तेव्हा मला त्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसते.) तुम्ही फळ्यावर लिहिता, 'गन्तास्वः', आम्ही दोघं जाणार, पण आज नव्हे. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी विचारतो, "दोघांसाठी वेगळं वचन कशाला, गुरुजी? दोन म्हणजे अनेकच की!" तुम्ही खडू ठेवता. "आगाऊ! लग्न झालं की कळेल." आणि आतून चुलीपाशी बसलेल्या काकू म्हणतात, "अहो, खरं सांगा की त्याला. दोघंच उरली की भांडायला वेगळी भाषा लागते." सगळा वर्ग हसतो. तुम्ही लाजलेले मी त्या एकाच दिवशी पाहिले. तुम्ही काही चुकीचं सांगितलं नव्हतंत. कळलं, पण फार उशिरा कळलं.

आमच्या मुली आपापल्या घरी गेल्या. आता आम्ही दोघंच. कंपनीने माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल पुढच्या उन्हाळ्यात बोटीची दोन माणसांची जागा देऊ केली आहे. मी टाळणारच होतो. पण एकदा ऑफिसातली चित्रांची पत्रकं घरी आणली, त्यात व्हिएन्नाचे पांढरे घोडे होते. झुंबरं लावलेल्या दिवाणखान्यात हे घोडे वाद्यांच्या तालावर पावलं टाकतात, म्हणे. हिने ते पान भिंतीला लावलं. "वरातीत नाचवतात तसे?" मी म्हटलं, "त्याहून शिकलेले." "मग मला बाकी काही नको. तुमची छतं नि मनोरे तुम्ही बघा. मला घोडे दाखवा." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी टोपी खुंटीला लावली की तिचा प्रश्न ठरलेला, "घोड्यांचं झालं का?"

नाही झालं. जागा थोड्या, मागणी फार. पत्र आत्ताच जायला हवं. आणि गेल्या महिन्यात डॉक्टर तिला तपासून निघाले तेव्हा जिन्यापर्यंत मला बरोबर घेऊन आले. म्हणाले, "हृदय फार थकलंय. पुढच्या उन्हाळ्याच्या गोष्टी आत्ता कशाला? दिवाळी नीट पार पडू दे." तिला त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. जगभरच्या लोकांच्या पुढच्या वर्षाच्या तारखा मी बिनदिक्कत लिहितो, आणि स्वतःच्या घरची एक तारीख लिहिताना हात चालत नाही. दोन जागा सांगाव्यात तर आपण तिला फसवतोय असं वाटतं. एक सांगावी, किंवा मुळीच सांगू नये, तर तिला न बोलता सगळं सांगितल्यासारखं. रोज काहीतरी कारण काढत होतो. काल म्हटलं, "व्हिएन्नाहून अजून दर आले नाहीत."

ती डाळिंब्या सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, जिन्यात बोललं की खाली वाण्यापर्यंत ऐकू जातं. मी तर दाराशीच होते."

मी खुंटीवरची टोपी काढली आणि परत तिथेच लावली. 

"दोन काढा," ती म्हणाली. "आले तर आले."

"आणि नाही..."

"नाही आले तर शेजारच्या खुर्चीवर तुमचा कोट ठेवा. कुणी लठ्ठ गोरा येऊन टेकायला नको. आणि घोडे नीट बघून या, उगाच खांब मोजत बसाल." मग साली झटकून म्हणाली, "जाल ना एकटे?"

मी हो म्हटलं. आज सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिलं पत्र तेच लिहिलं. दोन जागा, शेजारी शेजारी, पहिल्या रांगेत. संध्याकाळी तिला सांगितलं, तर म्हणाली, "एकदाचे मार्गी लागलात," आणि माझ्या पानात एक डाव जास्तीची उसळ घातली.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहायला बळ आलं. गुरुजी, ते 'हो' खोटं होतं. ती नसली तर मी बोटीवर पाऊल ठेवणार नाही. त्या दिवशी व्हिएन्नाला दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहतील. बसेनात का लठ्ठ गोरे.