जनावर आडवं आलं तर

३ जून
नांगोलो म्हणतो, भाषण आवरतं घ्या. "सिबिला मावशी, माणसं रात्रभर विमानात बसून विंडहुकला उतरतात. चावी द्या, हसून निरोप द्या." भाड्याच्या गाड्या त्याच्या, धंदा त्याचा. पण चावी माझ्या हातात असते. वर्षानुवर्षं कामगार संघटनेसाठी कारखान्यांच्या फाटकांवर बोलले. तिथे लोक उपाशी उभे असत, तरी ऐकत. हे तर न्याहारी करून येतात.

आज जर्मनीचं एक जोडपं होतं. नेहमीचंच सांगितलं. खडीच्या रस्त्याला लागलात की टायरमधली हवा कमी करा. दिवे दिवसाही चालू ठेवा. चढाच्या माथ्यावर डावीकडेच राहा – पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात शिरू नका. रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा लागल्या की वेग वाढवावासा वाटतो. वेग वाढला की हादरे थांबतात, गाडी तरंगायला लागते. तेव्हाच ती तुमच्या हातातून गेलेली असते. आणि जनावर आडवं आलं तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग सरळ धरा. वळवू नका. धडक बसली तर बसू द्या. माणसं मरतात ती वळवल्यामुळे.

"बिचारं जनावर," बाई म्हणाली.

"बिचारंच. आता तुम्ही म्हणून दाखवा – वळवणार नाही."

म्हणेपर्यंत चावी दिली नाही.

५ जून
मुवांगुआदादा आला. एका आईची आम्ही दोघंच उरलो. ओत्जिनेनेच्या पुढे आमचं गाव; गुरं आणि घरचा पवित्र अग्नी तो सांभाळतो. गाड्यांच्या मागे उभा राहून त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग –

"पाहुण्यांना गुरं मारायला शिकवतेस होय?"

"जगायला शिकवते."

"कुडू हरीण असलं तर ठीक. बैल असला तर?"

"बैल असला तरी."

"आपल्या बापाचा असला तर?"

"बापानेही हेच सांगितलं असतं."

"बापाने गाढवगाडीशिवाय काही हाकलं नाही. आणि गाढवं आपली आपण थांबायची."

नांगोलो पोट धरून हसला. मी नाही.

मागच्या हिवाळ्यात दादाने एका वासरासाठी गाडी वळवली. गाडी काटेरी झुडपांत उलटी, दादाच्या बरगड्या मोडलेल्या. "वासराला ओरखडासुद्धा नाही," असं सगळ्यांना सांगत फिरतो. अजूनही त्या रस्त्यावर तरंगतच जातो. रस्ता आपल्याला ओळखतो म्हणे. पुढच्या वेळी नुसतं वासरू उरेल.

९ जून
शनिवारी काकांच्या थडग्यापाशी विधी. दादा न्यायला येणार. बसनेच जाणार होते. मग मनात आलं – ज्याला ऐकवायचं तो हातभर अंतरावर, पट्ट्याने बांधलेला. असा श्रोता पुन्हा मिळायचा नाही. येते म्हटलं.

१३ जून, गावी
डांबर संपेपर्यंत गप्प राहिले. खडी सुरू झाली तशी मीही सुरू झाले. समोरून गाडी आली की तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करी, आणि पुन्हा वेग वाढवी.

"भाषण संपलं की सांग, रेडिओ लावतो."

"दादा, मी तुझ्यासाठी बोलतेय."

"माझ्यासाठी काही करायचं तर फेटा घाल."

माझा फेटा मांडीवर होता – आमच्याकडच्या बायका बांधतात तो, गाईच्या शिंगांसारखी कापडाची दोन टोकं काढलेला. गाडीच्या टपाला लागतो म्हणून काढून ठेवला होता.

"दोन शिंगं दिसली की गुरं आपणहून बाजूला होतील," म्हणाला.

पोचल्यावर माझी पिशवीही उतरवू दिली नाही, आधी गोठ्याकडे नेलं. टिळ्या दाखवायचा होता – तांबडा बैल, कपाळावर पांढरा टिळा. "शिंगं बघ. हा माझ्या थडग्यासाठी राखलाय. मी गेलो की हा माझ्यामागून येईल. शिंगं उशाशी ठेवायची, उलटी नाही, सांगून ठेवतो."

ओमाएरे, आमचं विरजलेलं दूध, चांगलं आंबट होतं. दोन वाट्या प्यायले.

१५ जून
परत निघालो. गाव अजून दिसत होतं. पुढच्या गाडीचा धुरळा, आणि त्या धुरळ्यातून टिळ्या.

दादाने ब्रेक दाबला. स्टिअरिंग सरळ.

आम्हा दोघांना काही झालं नाही. गाडीचं नाक आत गेलं. दादा उतरला, बैलाशेजारी मांडी घालून बसला, टिळ्यावर हात ठेवला आणि त्याच्या कुळीचं गाणं म्हणायला लागला – कोणत्या गाईचा, ती कोणत्या पाणवठ्यावरची, तिची आई कुठली. हळू, न चुकता. मी जवळ उभी होते.

"आता मरायची सोय नाही राहिली," तो उठताना म्हणाला.

१७ जून
गाडी इथे दुरुस्तीला ओढून आणली. दादा माझ्याकडेच आहे. नांगोलो म्हणाला, "मावशी, अखेर जिंकलात." मलाही तसंच वाटत होतं. जेवताना विचारलं.

"पटलं ना माझं?"

"नाही."

"मग वळवली का नाहीस?"

"तू शेजारी होतीस."

"आणि एकटा असतास तर?"

मी कुणी परदेशी पाहुणी असावी तसा माझ्याकडे बघत राहिला.

"एकटा असतो तर वळवली असती. हे काय विचारणं झालं, सिबिला?"

१८ जून
आज पाहुण्यांपुढे बोलताना 'वळवू नका'पाशी मध्येच थांबले. नांगोलोला वाटलं, आवरतं घेतलं. खूश झाला.

२४ जून
गाडी झाली. दादा सकाळी एकटाच निघाला. फाटकापर्यंत जाऊन परत आला. "तुझा फेटा दे."

शेजारच्या सीटवर ठेवला, शिंगं समोर करून. वरून पट्टा लावला. "ही बोलत नाही, तेवढं बरं," म्हणाला.

वळणापर्यंत दिसत होता. हळू चालला होता.