अरविंदची डावी बाजू

मंगळवार, संध्याकाळ

मित्र अरविंद जाऊन महिना झाला, तरी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, त्या जुन्या राजसमाध्यांभोवती, फिरताना मी अजून त्याच्यासाठी डावी बाजू मोकळी सोडतो. वीस वर्षे त्याने चालवले, मी चाललो. किती फेऱ्या, कुठले आसन, मत कोणाला, सगळे तोच ठरवी. व्यायामाचे उद्यापन पोहे-जलेबीने, हेही त्याचेच शास्त्र.

आज सकाळी महिन्याने प्रथमच पोह्यांच्या गाडीवर गेलो, तर पोहेवाल्याने विचारले, "भिया, जलेबी रखूँ?" मी डावीकडे पाहिले. पंचावन्नाव्या वर्षी मला जलेबी आवडते की नाही, एवढेही...?

"रहने दो," म्हणालो. आयुष्यातला पहिला स्वतंत्र निर्णय, म्हणून खुशीत घरी आलो.

आत्ता लिहिताना आठवले. आमच्या शेवटच्या फेरीत अरविंदच म्हणाला होता, "भिया, उद्यापासून जलेबी बंद. दोघांची."