पाटीला हात

बाई,

आई गेली. गेल्या महिन्यात, भाट्ये गावातल्या घरी, झोपेतच. दिवसकार्याला जमलेल्या बायकांत तुम्हाला ओळखणारी एकही नव्हती, तेव्हा लक्षात आलं की तुमची आठवण असलेलं माणूस आता आमच्यात मी एकटीच उरले. आईला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, ती तिच्या पोटातच राहिली. आता ती मी सांगायची, आणि तुम्हाला जाऊन तर माझा अर्धाअधिक जन्म लोटला. उशीर म्हणजे किती उशीर! पण तुम्हीच वर्गात म्हणायचात ना, उशिरा आलेल्या मुलीने दारात ताटकळत राहू नये, सरळ आत येऊन बसावं.

तुमची आळी मला अजून डोळे मिटून चालता येईल. दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे कमरेएवढे गडगे, त्यावर शेवाळ, आणि तुमच्या परसातल्या विहिरीवरच्या रहाटाचा कुरकुरणारा आवाज. तुमच्याकडे मासे खात नसत, समोरच्या घरी खायचे. आई सकाळी जेटीवरून म्हावरं घेऊन निघायची आणि समोरच्यांच्या दारात पाटी उतरवायची. भरलेली पाटी डोक्यावरून एकटीला कशीबशी उतरवता येते, पण परत चढवायला दुसरं माणूस लागतंच. गडग्यावर टेकवली असती तर तिचं तिला जमलं असतं, पण लोकांच्या गडग्याला म्हावऱ्याची पाटी लावायची तिची काय बिशाद! समोरच्या काकू घासाघीस करून बांगडे घ्यायच्या, आणि आई म्हणाली, "जरा हात लावा ओ," की म्हणायच्या, "माझी आंघोळ झाली गो." त्यांना बांगडा चालायचा, पाटी चालायची नाही. मग आई फडक्याची चुंबळ डोक्यावर ठेवून, रस्त्याने कोणी बाईमाणूस येईपर्यंत तशीच उभी.

एक दिवस त्या रस्त्याने तुम्ही आलात. इस्त्रीचं पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, शाळेची वेळ. आईने तुम्हाला हाक मारणंच शक्य नव्हतं. तुम्ही पिशवी गडग्यावर ठेवलीत, वाकलात आणि पाटीची दुसरी बाजू धरलीत. पाटी वर जाता जाता तिच्यातलं पाणी तुमच्या खांद्यावर ओघळलं. आई घाबरीघुबरी झाली. "बाई, पातळ खराब झालं ओ तुमचं!" तुम्ही म्हणालात, "धुतलं की जातं." हे सगळं आईने रात्री चुलीपुढे बसून मला सांगितलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

पण त्याआधी दुपारी वर्गात जे झालं ते मी तिला सांगितलं नव्हतं. पहिल्या बाकावरची मुलगी नाक मुरडून म्हणाली, "बाई, म्हावऱ्याचा वास येतोय," आणि अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मी डोकं दप्तरात घातलं. तुम्ही फळ्याकडे पाठ केलीत, पदर पुढे घेतलात आणि म्हणालात, "तो वास माझ्या पदराला येतोय. पुस्तकं उघडा." आवाज चढवला नाहीत, समतेचा धडा दिला नाहीत. बाई, पुढे मी नोकरी केली, माणसं पाहिली, समतेवरची भाषणं तर ढिगाने ऐकली. पण माझी मान त्या एका वाक्याने वर आली, ती परत खाली गेली नाही.

मग ते रोजचंच झालं. तुम्ही निघायची वेळ आणि आईची पाटी उतरायची वेळ एकमेकींना धरून चालायला लागल्या. दोघी एका वयाच्या, आणि तुम्हाला आईची बडबड आवडायची. एकदा तुम्ही तिला म्हणालात, "अख्खी आळी तुला गो म्हणते, तूही मला गो म्हण की. बाई, बाई काय लावलंयस?" आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "जिभेला वळणच पडणार नाय ओ." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मान नको देऊस गं मला. मान लांबूनच देतात." आईला ते कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आईला पक्की कळली होती. समोरच्या काकूंनीच तिला सांगितलं, जरा चवीनेच, की तुमच्या सासूबाई ओटीवरून सगळं बघतात, आणि संध्याकाळी तुम्ही शाळेतून आलात की विहिरीवर आंघोळ करायला लावून मगच मागल्या दाराने घरात घेतात. पावसाळ्यातसुद्धा. तुम्ही आम्हाला हे कधी कळू दिलं नाहीत. आई त्या दिवशी जेवली नाही.

पुढे तुमच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला नेलं, तिथून परत आणलं, आणि परत आणलं म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. आई मला घेऊन तुम्हाला बघायला आली. पाटी घरी ठेवून, न्हाऊन, धुवट नेसून आली होती. सासूबाई ओटीवर वाती वळत होत्या. त्या आईकडे बघून ये म्हणाल्या नाहीत की नको म्हणाल्या नाहीत. आतल्या खोलीतून तुम्ही आम्हाला पाहिलंत. किती लहान दिसत होतात तुम्ही त्या खाटेवर! "आत ये गो," तुम्ही म्हणालात. आई उंबऱ्याशी थांबली. "नको ओ बाई, वास येतो माझ्या अंगाला." तुम्ही परत म्हणालात, "ये ना. इथे बस माझ्याजवळ." आई तिथूनच हात जोडून उभी राहिली. मग तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

बाई, हेच सांगायचं होतं. तिच्या अंगाला वास नव्हता. परत येताना रस्त्यात ती म्हणाली, "मी आत गेलं असतं, त्यांना शिवलं असतं, तर तशा दुखण्यात त्यांना उठवून आंघोळ घातली असती गो!" एवढ्यासाठी ती उंबऱ्याबाहेर राहिली. तुम्हाला वाटलं असेल, इतके दिवस हात दिला आणि शेवटी हिनेच मला परकं केलं. तसं नव्हतं हो, बाई.

तुम्ही गेलात त्या सकाळी आई पाटी घेऊन शेजारच्या आळीत होती. कुणीतरी सांगितलं तशी ती धावत आली, आणि शाळेला सुट्टी दिल्याने मीही तिथेच होते. तुम्हाला बाहेर काढत होते. आईने पाटी रस्त्याच्या कडेला उतरवली, फडक्याने झाकली आणि गडग्याला चिकटून उभी राहिली. तुम्ही अगदी जवळून गेलात. आई हळूच, मैत्रिणीशी बोलावं तशी बोलली, "चाललीस काय गो?"

तिच्या जिभेला वळण पडलं ते तेव्हा.

माणसं वळणाआड गेली. सासूबाई फाटकाशी एकट्याच उभ्या होत्या. आई पाटीशी आली, मी हात लावायला वाकले, तर त्या म्हातारीने मला बाजूला केलं आणि स्वतः पाटी धरली. "उचल गो. मला आंघोळ करायचीच आहे आता." पाटी वर गेली. पाणी त्यांच्याही खांद्यावर ओघळलं. मग त्या आईकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी आत यायचं होतंस. तुझी वाट बघत होती ती. मी काही म्हटलं नसतं."

त्या खरं बोलल्या की आपलंच मन राखायला बोलल्या, कोण जाणे. आईने मात्र ते खरं धरलं आणि जन्मभर उराशी बाळगलं. त्या आळीत ती पुन्हा गेली नाही. शेवटच्या आजारात तिला मध्येच भास व्हायचा, उंबरा शोधायची, "आत जाऊ काय गो?" विचारायची. मी म्हणायचे, जा.

हे पत्र मी कुठे टाकणार? आईच्या चुंबळीत गुंडाळून ठेवीन. आणि एक सांगते, रागावू नका. तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता कितीतरी मोठी आहे. म्हणून सुरुवातीला वर "गो" लिहून पाहिलं होतं. दोनदा लिहिलं. दोनदा खोडलं, आणि बाई लिहिलं.